उन्हाळ्यात जमीन झाकणारी फुलझाडे

फेब्रुवारी संपत आला की बोअरचे पाणी खाली जायला लागते आणि लॉन राखणाऱ्यांच्या घरी टँकरचा विषय निघतो. दिवसभर ऊन खाणाऱ्या जागेत हिरवळीचा हट्ट सोडावा आणि जमिनीलगत पसरून फुलणारी झाडे लावावीत. अशी झाडे पाण्यावाचून मरतात त्यापेक्षा जास्त पाण्याने मरतात, एवढे मात्र लावण्याआधीच ध्यानात घ्यावे.

पहिली पसंती ऑफिस टाइमला, म्हणजेच चिनी गुलाबाला. आपल्या घोळीच्या भाजीच्या कुळातलेच हे झाड. मांसल पानांत पाणी धरून ठेवते, म्हणून मे महिन्यातही टिकते. फुले ऊन चढल्यावर उघडतात आणि दुपारनंतर मिटतात. सावलीत नुसत्या काड्या लांबतात, फूल धरत नाही. लागवडीसाठी शेंड्याकडच्या 7-8 सेंमी काड्या घ्याव्यात, खालची पाने काढावीत आणि कापलेले टोक काही तास सावलीत सुकू द्यावे. ओली काडी लगेच खोचली तर बुडाशी काळी पडते. साधारण दोन आठवड्यांत मुळ्या धरतात. 20 सेंमी अंतर ठेवल्यास चौरस मीटरला 25 काड्या लागतात. बियाणे वापरायचे तर ते फार बारीक असते. वाळूत मिसळून वरच्यावर पसरावे, मातीआड करू नये.

कायमस्वरूपी आच्छादन हवे असेल तर आडवा पसरणारा जांभळा लँटाना घ्यावा. तो 60 सेंमी अंतरावर, शक्यतो जूनच्या पहिल्या पावसानंतर लावावा. पाने गुरांना विषारी, तेव्हा गोठ्याजवळ नको. सदाफुली कडेला शोभते, पण पाणी साचले की मूळकुजीने एका आठवड्यात जाते. पिवळ्या फुलांचा वेडेलिया नर्सरीत स्वस्त मिळतो आणि झपाट्याने पसरतो, हीच त्याची खोड. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. ओढ्याकाठी किंवा शेताच्या बांधावर तो मुळीच लावू नये.

मुरमाड जमीन या झाडांना मानवते. काळ्या जमिनीत मात्र 15 सेंमी उंचीचा वाफा करून त्यात बारीक मुरूम किंवा जाड वाळू मिसळावी. शेणखत कुजलेले आणि बेतानेच द्यावे. युरियाने पाला वाढतो, फुले घटतात.

खरी डोकेदुखी लव्हाळ्याची. फुलझाडे पसरल्यावर त्यांच्या जाळ्यातून लव्हाळा काढणे म्हणजे निम्मी झाडे उपटणे. वरून खुरपलेला लव्हाळा काही दिवसांत पुन्हा डोके काढतो, कारण गाठी खालीच राहतात. म्हणून लागवडीपूर्वी जमीन वीतभर खोल खणून गाठी हाताने वेचाव्यात. मग एक पाणी द्यावे, उरलेल्या गाठी फुटू द्याव्यात आणि पुन्हा वेचणी करावी. यात पंधरा-वीस दिवस जातात, पण ते वाचवू नयेत. हरळीच्या कांड्याही याच वेळी निघतात.

पहिले तीन आठवडे दिवसाआड झारीने पाणी द्यावे. कमी पाण्यावर तग धरणारे झाडसुद्धा मुळे धरेपर्यंत नाजूकच असते. पुढे बोटभर खोल माती कोरडी लागली तरच सकाळी पाणी द्यावे. मोकळ्या जागेवर बारीक खडी पसरावी, म्हणजे ओल टिकते आणि काड्या मातीला चिकटून कुजत नाहीत.

शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. तेवढे शेंडे खुडून नष्ट करावेत आणि 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. फुलांचा भर ओसरला की ऑफिस टाइमचे शेंडे छाटावेत, नवे फुटवे येतात.

मेअखेरीस चांगल्या रंगांच्या थोड्या काड्या कुंडीत लावून छपराखाली ठेवाव्यात. संततधार पावसात वाफ्यातला ऑफिस टाइम बहुधा कुजतो, आणि पुढच्या हंगामाचे बेणे कुंडीतच राहते.