ट्रॅक्टरचं गिअर ऑइल घरी बदलताना खर्च किती, बचत किती?

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांचा गळीत हंगाम जवळ आला की बारामती-इंदापूर भागात ट्रॅक्टर सर्व्हिसिंगची घाई उडते. इंजिन ऑइल बहुतेक जण वेळेवर बदलतात. गिअर-हायड्रोलिकचं ऑइल मात्र लिफ्ट रडतखडत उचलायला लागेपर्यंत तसंच राहतं. कारण खर्च. इंजिनाला सात-आठ लिटरवर भागतं, इथे मॉडेलप्रमाणे 30 ते 60 लिटर लागतं.

40 लिटर म्हणजे दोन बादल्या धरू. चांगल्या ऑइलला लिटरमागे अंदाजे 250 ते 350 रुपये धरले, तर 10 ते 14 हजार झाले. फिल्टर आणि वॉशरला आणखी पाचशे-हजार. मेकॅनिकची मजुरीही साधारण तेवढीच. म्हणजे घरी काम केलं तर वाचते ती फक्त मजुरी. ती वाचवताना ऑइलमध्ये काटकसर कराल, तर ती अंगाशी येईल. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर त्यांना चालणारंच ऑइल हवं. जुन्या ड्राय ब्रेकच्या ट्रॅक्टरचं साधं 90 नंबर त्यात ओतलं, तर ब्रेक आवाज करतात आणि प्लेटा लवकर जातात. ग्रेड दुकानदाराला विचारू नका, कंपनीच्या पुस्तिकेत बघा. बदलण्याचे तासही तिथेच दिलेले असतात. बऱ्याच मॉडेलांना ते 1,000 च्या आसपास आहेत.

ट्रॅक्टर थोडा चालवून ऑइल कोमट करा, सपाट जागी उभा करा, चाकांना दगड लावा आणि लिफ्ट पूर्ण खाली सोडा. लिफ्ट वर राहिली तर जुनं ऑइल सिलिंडरमध्ये अडकतं. ड्रेन नट एकापेक्षा जास्त असतात, सगळे उघडा. चुंबकाचा नट असेल तर तो बोटाने पुसून बघा. काळपट मऊ लगदा ही नेहमीची झीज. लोखंडाचा कण टोचला, तर नवं ऑइल भरू नका, आधी मेकॅनिकला बोलवा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर बदला, नाहीतर पुढच्या धुण्यात नवं ऑइलही तसंच होईल. भरून झाल्यावर लिफ्ट पाच-सहा वेळा वर-खाली करा आणि गेजवर पातळी पुन्हा बघा.

बादलीचं सील तपासा, पक्कं बिल घ्या. जळकं ऑइल नीरा डाव्या कालव्यात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ चुकूनही ओतू नका. ते झाकणबंद ठेवून परवानाधारक संकलकाकडेच द्या.

वॉरंटी शिल्लक असेल, तर हे काम घरी करूच नका. मजुरीचे हजार रुपये वाचवायला जाल आणि गिअरबॉक्सचा दावा नाकारला जाईल.