पाठीवरचा केसांचा झुपका

अंगणवाडीतली तपासणी आटोपली होती. पथकाची गाडी पुढच्या गावाला निघायला अजून अवकाश होता. सेविकाताई हातातली संदर्भचिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होत्या. दोन वर्षांची मुलगी, वजन ठीक, दात ठीक, हसरी. तरी डॉक्टरबाईंनी तिला जिल्हा रुग्णालयात पाठवायचं ठरवलं होतं आणि कारण लिहिलं होतं: पाठीच्या मधोमध केसांचा झुपका, मज्जारज्जूची तपासणी व्हावी.

"मॅडम, नुसत्या केसांसाठी एवढ्या लांब?" ताईंनी विचारलं. "आजी म्हणतात, लहानपणी डाळीचं पीठ नीट लावलं नाही म्हणून लव राहिली. अजून रोज चोळतात."

"लव वेगळी, हे वेगळं. लव बाळाच्या खांद्यांवर, पाठभर असते आणि आपोआप जाते. हिचे केस कमरेच्या जरा वर, बरोबर कण्यावर, एकाच जागी आहेत, लांब आणि दाट. पीठ चोळून ते जायचे नाहीत. कापले तर अपाय काही नाही, पण पुढच्या डॉक्टरला खूण दिसणार नाही."

"कसली खूण?"

"आत मज्जारज्जू दुभंगलेला असण्याची. त्वचा आणि मज्जारज्जू गर्भात एकाच थरातून घडतात. म्हणून आत गडबड झाली की पुष्कळदा बाहेर तिची निशाणी उमटते. कधी केस, कधी तांबडं लासं, कधी चरबीची मऊ गाठ, कधी खळी."

खळी म्हटल्यावर ताई चपापल्या. त्यांच्या नातवालाही माकडहाडापाशी खळी होती. डॉक्टरांनी त्यांना लगेच निर्धास्त केलं. अगदी खाली, ढुंगणाच्या फटीतली, लहानशी आणि तळ दिसणारी खळी निरोगी बाळांतही सर्रास आढळते. ती वर सरकलेली असेल, खोल असेल, तिच्यातून पाणी येत असेल किंवा सोबत केस असतील, तर मात्र दाखवायला हवी.

मज्जारज्जू दुभंगण्याच्या या दोषाला डॉक्टर स्प्लिट कॉर्ड मालफॉर्मेशन म्हणतात. डायस्टेमॅटोमायेलिया हे जुनं नाव ऑलिव्हिए या फ्रेंच डॉक्टरांनी १८३७ साली दिलं. दोष विरळा आहे, आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त दिसतो.

"पण मॅडम, रज्जू दुभंगतो कसा? पडल्या-झडल्यानं?"

"नाही. हे गर्भधारणेच्या तिसऱ्या आठवड्यात ठरतं. तेव्हा गर्भ म्हणजे पेशींची एक चपटी चकती असते. वरच्या थरातून पुढे त्वचा आणि मज्जारज्जू होणार, खालच्या थरातून आतडी. या दोन थरांमध्ये भलत्याच जागी एक चिकटा किंवा नळी राहून गेली, की मधून वाढत येणारा कण्याचा मूळ दोर तिला वळसा घालून दोन बाजूंनी जातो. त्याच्यावर तयार होणारा मज्जारज्जूही मग तिथे दोन भागांत घडतो. १९९२ साली डाचलिंग पँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही उपपत्ती मांडली, आणि आजही डॉक्टर बहुतेक तिच्याच आधारे बोलतात."

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सासू म्हणते, सुनेनं ग्रहणात भाजी चिरली."

ग्रहणाचा हा ठपका गावोगाव बाईच्याच माथी येतो, म्हणून डॉक्टरांचं उत्तर जसंच्या तसं द्यायला हवं. "तिसरा आठवडा म्हणजे कधी, सांगा बरं? पाळी चुकली की नाही, हेही तेव्हा धड कळलेलं नसतं. त्या दिवसांत हिच्या आईला पोटात बाळ आहे याचा पत्ताच नव्हता. ग्रहण, विळी, उचललेली घागर, कशाचाच संबंध नाही. त्या घरी जाल तेव्हा सासूसमोरच हे सांगा, आणि मी सांगितलंय म्हणून सांगा."

दुभंगलेल्या रज्जूच्या मधल्या फटीत काय तयार होतं, त्यावरून पँग यांनी दोन प्रकार केले. पहिल्यात दोन भागांमध्ये हाडाचा किंवा कूर्चेचा सुळका उभा असतो आणि प्रत्येक भागाभोवती वेगळं आवरण असतं. दुसऱ्यात आवरण एकच असतं आणि मध्ये तंतूंचा पातळ पडदा. खाली गेल्यावर दोन्ही भाग बहुधा पुन्हा एक होतात.

"अर्धाच रज्जू म्हणजे पाय अर्धेच चालणार?"

"तसं नाही, आणि नेमकं हेच घरच्यांना समजावून सांगावं लागतं. डावा भाग डाव्या पायाच्या नसा सांभाळतो, उजवा उजव्या. नुसतं दुभंगलेपण पुष्कळ मुलं निभावून नेतात. घात होतो तो अडकल्यामुळे. तिसऱ्या महिन्यात गर्भाचा मज्जारज्जू कण्याच्या टोकापर्यंत पोचलेला असतो. मग कणा त्याच्याहून भरभर वाढतो आणि रज्जूचं टोक वर सरकत जातं. मोठ्या माणसात ते कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी असतं. इथे मध्येच सुळका असला तर रज्जू वर सरकायचा कसा? खुंटाला बांधलेल्या वासरासारखं होतं, हालचाल होते तेवढी दाव्याला ओढ बसते. मूल उंच होतं, वाकतं, उड्या मारतं, आणि दर वेळी रज्जू ताणला जातो."

त्या ताणानं नेमकं काय बिघडतं, हे १९८१ साली शोकेई यामाडा यांनी दाखवलं. ताणलेल्या मज्जारज्जूतल्या पेशींना प्राणवायू नीट वापरता येत नाही. ताण थोडा आणि थोड्या काळाचा असेल तर त्या सावरतात. वर्षानुवर्षं राहिला तर सावरत नाहीत.

"मग ही मुलगी चालते-पळते ते?"

"आज चालते. पण मी तिला मांडीवर घेऊन दोन्ही पावलं तळव्याला तळवा लावून पाहिली. डावं जरा आखूड आहे, आणि त्या पोटरीत मांसही कमी आहे. आई म्हणाली, डाव्या पायातली चप्पल सारखी गळते. हे फार बोलकं लक्षण आहे. मोठ्या मुलांत आणखी गोष्टी दिसतात. शी-शूची सवय लागलेलं मूल पुन्हा कपडे ओले करायला लागतं, आणि घरचे त्याला आळशी म्हणून मारतात. पावलाला जखम झाली तरी त्याला कळत नाही. सतत कंबर दुखते. पाठ एका बाजूला वाकते."

वाकलेल्या पाठीबद्दल डॉक्टरांनी एक ताकीद दिली. शस्त्रक्रियेनं कणा सरळ करायच्या आधी एमआरआय करून आत सुळका नाही ना, हे पाहावंच लागतं. नाहीतर कणा ताणून सरळ करताना अडकलेला रज्जूही ताणला जातो आणि पाय कायमचे जाऊ शकतात.

"ऑपरेशननं रज्जू जोडतात का?"

"जोडत नाहीत, मोकळा करतात. सूक्ष्मदर्शकाखाली मणक्याची मागची कमान उघडतात, सुळका थोडाथोडा करून काढतात, दोन आवरणांचं एक करतात. रज्जूच्या टोकाचा जाड झालेला तंतू कापायचा असतो, पण तो सुळका काढून झाल्यावरच. आधी कापला तर रज्जू वर उसळून सुळक्यावरच आपटायची भीती असते."

भारतात या शस्त्रक्रियेचा अनुभव मोठा आहे. दिल्लीच्या एम्समधल्या ए. के. महापात्रा आणि सहकाऱ्यांनी २००५ साली २५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि सुळका कुठे आहे, त्यावरून पहिल्या प्रकाराचे पोटप्रकारही केले. कंबरदुखी बहुधा कमी होते, पायातला अशक्तपणा काहींचा सुधारतो, पण लघवीवरचा गेलेला ताबा परत मिळणं सगळ्यांत अवघड. म्हणून सुळका असेल तर त्रास सुरू व्हायच्या आधीच तो काढावा, असं बहुतेक सर्जन सांगतात. दुसऱ्या प्रकारात, त्रास नसताना शस्त्रक्रिया करावी की लक्ष ठेवावं, यावर मात्र त्यांचं एकमत नाही.

ताईंचा पुढचा प्रश्न खर्चाचा होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधून सुरू झाला. मज्जानलिकेचे जन्मजात दोष त्याच्या यादीत आहेत आणि पुढचे उपचार मोफत करायची त्यात तरतूद आहे. चिठ्ठी त्यासाठीच होती.

"ती चिठ्ठी हरवू देऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ऑपरेशन झालं म्हणजे संपलं, असंही नाही. वाढीच्या वयात रज्जू पुन्हा चिकटू शकतो, म्हणून तपासणी चालूच ठेवायची. मोठेपणी तिला पाठीतून भूल द्यायची वेळ आली, बाळंतपणात म्हणा, तर भूलतज्ज्ञांना हे आधी सांगायचं."

"आता लगेच काय सांगू घरच्यांना?"

"एमआरआय होईल. तान्ह्या बाळाचे मणके पुरते हाडाचे झालेले नसतात, तेव्हा सोनोग्राफीतही दिसतं. हिचं ते वय गेलं. एमआरआयला मूल बराच वेळ निश्चल पडून राहायला हवं, म्हणून गुंगीचं औषध देतात. त्याआधी काही तास उपाशी ठेवावं लागतं. आजी दयेपोटी मध्येच दूध पाजतील आणि तारीख पुढे जाईल. आजींनाच सोबत न्यायला सांगा, आणि उपाशी का ठेवायचं ते त्यांना नीट समजावा."

ताईंनी चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं: उपाशीपोटी, आजी सोबत, दोन्ही चपला.