स्वस्त विमान आणि पाठीवरची सॅक

पाठीवर सॅक घेऊन युरोपात हिंडणारा प्रवासी पूर्वी प्रामुख्याने रेल्वेवर विसंबून असे. १९९७ मध्ये युरोपीय संघातील विमान कंपन्यांना संघातील दुसऱ्या देशाच्या अंतर्गत मार्गांवरही सेवा देण्याची मुभा मिळाली आणि अल्पदराच्या विमानसेवेचा विस्तार झपाट्याने झाला. दोन-तीन आठवड्यांची रजा घेऊन भारतातून जाणाऱ्याने या सेवेचे मोल पैशांपेक्षा दिवसांत मोजावे.

पोर्तुगाल, इटली आणि ग्रीस एकाच सहलीत पाहावयाचे आहेत, असे समजू. लिस्बनला उतरून रेल्वेने सुमारे तीन तासांत पोर्तो गाठता येते. पोर्तो ते रोम हे अंतर मात्र जमिनीवरून कापू पाहणाऱ्याचे दोन दिवस सहज खर्ची पडतात; विमानास सुमारे तीन तास लागतात. पुढील रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस हा टप्पा रेल्वेचाच. वेगवान गाडी रोमहून दीड तासात फ्लोरेन्सच्या मध्यवस्तीत नेऊन सोडते. तेथे विमानाचा विचारही करू नये. व्हेनिसहून पुन्हा विमानाने अथेन्स, आणि मायदेशी परतणे तेथूनच. भारतातून तिकीट काढतानाच जाणे लिस्बनला व परतणे अथेन्सहून, असे एकत्र घ्यावे. ते काहीसे महाग पडले तरी लिस्बनला माघारी जाण्याचा खर्च व दिवस वाचतो.

जाहिरातीतील दर हा हिशेबाचा केवळ पहिला आकडा होय. पॅरिसच्या नावे विकले जाणारे तिकीट पुष्कळदा बोव्हे विमानतळाचे असते आणि तो पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर दूर आहे. फ्रँकफर्टच्या नावाने ओळखला जाणारा हान विमानतळ तर सुमारे १२० किलोमीटरवर! बसभाडे, पहाटेच्या उड्डाणासाठी करावी लागणारी टॅक्सी आणि सामानाचे शुल्क मिळवल्यावर स्वस्ताई कितपत उरते, ते पाहावे. बहुधा आसनाखाली मावेल एवढीच पिशवी विनामूल्य नेता येते. मोठ्या सॅकचे शुल्क आरक्षणाच्या वेळीच भरावे. विमानतळावर ते बरेच अधिक पडते. (घरच्या लोणच्याची बरणी हातातील सामानात सुरक्षा तपासणीतून सुटत नाही, हेही ध्यानात असावे.)

परदेशात कार्डाने पैसे देताना यंत्र रक्कम रुपयांत की युरोत, असे विचारते. तेव्हा युरो निवडावे. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटला तरी त्यातील विनिमय दर सहसा महाग असतो.

स्वतंत्रपणे घेतलेली दोन तिकिटे एकमेकांस बांधलेली नसतात. व्हेनिसचे विमान उशिरा आल्यामुळे भारताचे विमान हुकले, तर नवे तिकीट प्रवाशालाच घ्यावे लागते. सबब, परतीच्या आदल्या दिवशीच अथेन्सला पोहोचावे.

सर्वांत महागात पडते ती व्हिसाची चूक. पॅरिसहून एडिनबराचे तिकीट स्वस्त दिसते, तेथून बार्सिलोनाचेही. परंतु ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नाही. तेथील व्हिसा वेगळा घ्यावा लागतोच. शिवाय शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर पॅरिस सोडताच तो संपतो. मग बार्सिलोनाचे विमान समोर उभे असूनही कंपनी प्रवाशास चढू देत नाही आणि तिकिटाचे पैसेही बहुधा बुडतात. असा मार्ग आखणाऱ्याने अर्जातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि तो हाती येईपर्यंत मधली तिकिटे काढू नयेत, मग दर कितीही खाली आलेले असोत.