वजन उतरलं, मनाचं काय?

‘काय रे, हिरो झालास की!’ सेकंड इयरच्या गॅदरिंगला माझा रूम पार्टनर पहिल्यांदा स्टेजवर चढला, तेव्हा अख्खी विंग शिट्ट्या मारत होती. फर्स्ट इयरनंतरच्या मे महिन्याच्या सुटीत त्यानं वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. नऊ महिन्यांत १३१ किलोवरून ८८! वर्कशॉपचा खास शिवून घेतलेला एप्रन आता त्याच्या अंगावर तंबूसारखा लोंबत होता.

थर्ड इयरला ऑगस्टमध्ये तो मेसला यायचा बंद झाला. लेक्चर्स बुडवायला लागला. रात्री तीनला कधी जाग आली तर हा खिडकीपाशी बसलेला. आणि आम्ही मित्र काय म्हणालो? ‘बारीक झाला ना, आता भाव खातोय.’ पुढं डॉक्टरांनी निदान केलं ते डिप्रेशनचं, म्हणजे नैराश्याचं. ज्याचं ऑपरेशन शंभर टक्के यशस्वी झालं त्याला नैराश्य? मला ते पचेना, म्हणून वाचायला लागलो. हा लेख त्याच्या परवानगीनं लिहितोय. त्याची अट एकच होती, ‘रडगाणं नको, माहिती लिही.’

तर आधी ऑपरेशन म्हणजे काय ते बघू. याला बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. आपल्याकडे ‘चरबी काढली’ असं म्हणतात, ते चूक आहे. चरबी ओढून काढणं म्हणजे लायपोसक्शन, तो वेगळा प्रकार. इथं काम होतं ते जठरावर. ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. ‘बायपास’मध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. पोट लहान होतं एवढंच नाही. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागातून येतं. स्लीव्हमध्ये तोच भाग जातो, त्यामुळे भूकच कमी लागते.

कोणाला करतात? वजन (किलो) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग, म्हणजे बीएमआय. माझ्या पार्टनरचा ४४ होता. २०२२ साली आंतरराष्ट्रीय सर्जन संघटनांनी नवी सूत्रं ठरवली, त्यांत ही मर्यादा ३५ आहे. आशियाई लोकांना कमी बीएमआयलाच मधुमेहासारखे विकार गाठतात, म्हणून त्यांच्यासाठी २७.५ पासून विचार करावा असं त्यात म्हटलं आहे. लग्नाआधी पाच-सात किलो उतरवायचे असतील त्यांच्यासाठी हा मार्ग नाही, हे सांगायलाच नको.

आता मुद्द्याकडे येतो. ऑपरेशनच्या आधीच मन कुठं ठिकाणावर असतं? २०१६ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. या ऑपरेशनसाठी आलेल्यांपैकी सुमारे १९ टक्के लोकांना नैराश्य होतं, आणि सुमारे १७ टक्क्यांना अनावर खात सुटण्याचा विकार. म्हणजे साधारण पाचातला एक. नैराश्य आणि लठ्ठपणा एकमेकांना खतपाणी घालतात. एकामुळे दुसऱ्याचा धोका वाढतो, हे दोन्ही दिशांनी दिसून आलं आहे. त्यात भर आपली. एसटीत शेजारी कोणी बसत नाही, पीटीच्या तासाला सगळ्यांसमोर वजन, ‘हा बसला तर बेंच तुटेल’ हे नेहमीचे जोक. मीही मारलेत. त्याशिवाय भुलेची भीती, घरच्यांनी उभा केलेला पैसा, आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे ‘डाएट फसलं, जिम फसली, आता हेही फसलं तर?’

ऑपरेशनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. पार्टनर तिथं चक्क खोटं बोलला. झोप छान, मूड छान, सगळं छान! त्याला वाटलं, हा कॅम्पस इंटरव्ह्यू आहे, खरं बोललो तर रिजेक्ट होईन. बहुतेक जण असंच समजत असावेत, म्हणून हे ठळक सांगतो. नैराश्य आहे एवढ्या कारणावरून सहसा ऑपरेशन नाकारत नाहीत. आजार तीव्र असेल तर आधी त्यावर उपचार करतात, ऑपरेशन पुढं ढकलतात. आणि त्याच ‘जामा’च्या आढाव्यात असंही दिसलं की, आधी मानसिक आजार असलेल्यांचं वजन कमी उतरतं असा ठोस पुरावा नाही. लपवून फायदा शून्य. तोटा मात्र मोठा, कारण पुढं घसरण सुरू झाली तेव्हा डॉक्टरांकडे मुळात काय होतं याची नोंदच नव्हती.

ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे नुसतं पातळ खाणं. घरात फोडणीचा वास येतोय आणि आपण वाटीभर पाणीदार वरण घेऊन बसलोय! ‘कुठून ही दुर्बुद्धी सुचली’ असं या काळात अनेकांना वाटतं. मग काटा भराभर खाली यायला लागतो आणि मनही वर येतं. जर्मनीतल्या १०७ रुग्णांच्या एका अभ्यासात (२०११) ऑपरेशनपूर्वी सुमारे ३३ टक्क्यांना नैराश्याचा विकार होता. सहा ते बारा महिन्यांनी ते प्रमाण साडेसोळा टक्क्यांवर आलं आणि दोन-तीन वर्षांनी १४ टक्क्यांच्या आसपास राहिलं. म्हणजे निम्म्याहून कमी! पण त्याच अभ्यासात चिंताविकाराचं प्रमाण जवळपास हललंच नाही. आपण ‘टेन्शन आणि डिप्रेशन’ एका दमात बोलतो, पण ऑपरेशननंतर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलेल्यांना पुढचं चटकन कळेल. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लोकांना दहा वर्षं तपासलं. जगण्याची गुणवत्ता पहिल्या वर्षी शिखरावर गेली, सहाव्या वर्षापर्यंत हळूहळू घसरली आणि मग दहाव्या वर्षापर्यंत स्थिर राहिली. म्हणजे चक्क ओव्हरशूट, आणि मग सेटल होणं! दहा वर्षांनी नैराश्याच्या बाबतीत ऑपरेशन झालेले लोक न झालेल्यांपेक्षा बरे होते, चिंतेच्या बाबतीत मात्र फारसा फरक नव्हता. पहिल्या वर्षाचा आनंद हेच कायमचं उत्तर असं धरून बसलेल्या माणसाला उतार लागला की तो घाबरतो. आमच्या पार्टनरचं नेमकं हेच झालं.

यापुढची आकडेवारी लिहावी की नाही, यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ऑपरेशन झालेल्या ८,८१५ लोकांची आधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं ताडून पाहिली (२०१६). स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीच्या विभागात यावं लागण्याचं प्रमाण नंतर सुमारे दीडपट झालं, दर हजारी वर्षाला २.३ वरून ३.६. यातल्या बहुतेक घटना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या. घाबरून जाऊ नका, हजारात तीन-चार म्हणजे बाकीचे सुखरूप. शिवाय अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या अभ्यासात (२००७) बायपास झालेल्यांचं एकूण मृत्यूंचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी दिसलं होतं. त्यातही अपघात, आत्महत्या अशा कारणांचे मृत्यू मात्र वाढलेले होते. ऑपरेशन वाईट आहे असा याचा अर्थ मी काढत नाही. पण घरचे, मित्र आणि कधी कधी दवाखानाही ‘झालं काम’ म्हणून पाठ फिरवतात, नेमका तेव्हाच धोका असतो.

असं का होतं? एक म्हणजे खाणं हा अनेकांचा आधार असतो. पेपर अवघड गेला की टपरीवर मिसळ, घरची आठवण आली की रात्री मॅगी. तो आधार काढून घेतला आणि जागी दुसरं काही दिलं नाही. दुसरं, अपेक्षा. वजन गेलं, पण एम-थ्रीची केटी तशीच, घरातली भांडणं तशीच, आणि पोटावर सैल कातडीच्या घड्या. त्याचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, ‘तुम्ही सगळे आता इतकं छान वागता ना, त्याचाच राग येतो. आधी मी माणूस नव्हतो का?’

काही कारणं तर सरळ शरीरातली आहेत. बी-१२, थायमिन, लोह कमी पडलं की थकवा आणि उदासी येते. शाकाहारी मुलांनी बी-१२ कडे जास्तच लक्ष द्यावं. या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. बायपासनंतर नैराश्यावरची काही औषधं पूर्वीइतकी रक्तात उतरत नाहीत, विशेषतः हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या; डोस डॉक्टरांनीच बदलायचा, गोळी आपली आपण बंद करायची नाही. आणि दारू. बायपासनंतर ती लवकर आणि जास्त चढते. अमेरिकेतल्या १,९४५ जणांच्या अभ्यासात (२०१२) दारूच्या व्यसनाचं प्रमाण ऑपरेशनपूर्वी ७.६ टक्के होतं, दुसऱ्या वर्षी ९.६ झालं. थर्टीफर्स्टला ‘एक घोट तर घे’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

हॉस्टेलमध्ये आपण काय करू शकतो? फार काही नाही, पण थोडं आहे. त्याच्या ताटाकडे बघून ‘एवढंच?’ म्हणू नका. ‘किती उतरलं?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा, ‘झोप लागते का?’ विचारा. आमच्या रेक्टर सरांनी मेसवाल्या काकांना सांगून त्याला वाटीभर उसळ आणि पनीर रूमवर न्यायची परवानगी दिली, कारण अशा माणसाला थोडं थोडं पाच-सहा वेळा खावं लागतं आणि मेस तर दोनदाच उघडते. कोणी मेस टाळतोय, झोपत नाही, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं बोलतोय, तर ‘मरायचे विचार येतात का?’ हे सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत. आणि उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, रेक्टरना उठवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. तो आमच्या रूमच्या दारामागं टाइमटेबलशेजारी चिकटवलाय.

पार्टनरचं वजन मधे सहा किलो वाढलं होतं आणि त्या लाजेपायी त्यानं दोन फॉलो-अप चुकवले होते. थोडं वजन परत येणं नेहमीचं आहे, हे त्याला कोणी तरी आधीच सांगायला हवं होतं. या वेळी मानसोपचारतज्ज्ञांना त्यानं खरं काय ते सांगितलं. औषध सुरू आहे, दर पंधरा दिवसांनी समुपदेशनाला जातो. पुढचा नंबर शनिवारी आहे. सकाळी सहाच्या एसटीनं आम्ही दोघं निघणार, येताना लायब्ररीची पुस्तकं परत करायची आहेत, फाइन त्याच्याच नावावर आहे.