तांब्याची ठासणी

दिवाळीत एखादा फटाका आवाज न करता नुसताच फुसफुसून विझलेला तुम्ही पाहिला असेल. अशा फटाक्याला आपण फुसका बार म्हणतो. त्याचे वेष्टन कोठेतरी सैल राहिलेले असते आणि दारू पेटून निर्माण झालेला वायू त्या फटीतून निसटून जातो. दारू तीच, ठिणगीही तीच. पण वायूचा कोंडमारा झाला नाही, म्हणून स्फोटही झाला नाही.

खडक फोडणाऱ्या सुरुंगाचेही असेच आहे. खडकाला भोक पाडून त्यात दारू ओतली आणि ती पेटवून दिली, तर मोठा जाळ होईल, धूर होईल, पण खडक जागचा हलणार नाही. दारूच्या वर माती घट्ट ठासून भोकाचे तोंड बंद केले, म्हणजे कोंडलेला वायू खडक फोडूनच बाहेर पडतो. जुन्या ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू घालून ती गजाने ठासावी लागे. सुरुंग भरण्याची रीतही जवळजवळ तीच. सुरुंग ठासण्याच्या या गजाला आपण या पाठापुरते ठासणी असेच म्हणू. दिसायला ते अगदी साधे हत्यार. परंतु ते कोणत्या धातूचे असावे या एका प्रश्नावर असंख्य खाणकामगारांचे प्राण अवलंबून होते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक झाल्यावरही ते अमलात यायला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला.

युरोपात खाणीतील खडक फोडण्यासाठी दारू वापरल्याची एक प्रसिद्ध नोंद १६२७ सालची आहे. ती आजच्या स्लोव्हाकिया देशातील एका खाणीची आहे. त्यापूर्वी खडक फोडावयाचा तो घण, छिन्नी आणि पाचर यांनी, किंवा खडकाशी जाळ करून तो तापवून. सतराव्या शतकाच्या अखेरीस ही नवी विद्या इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल या परगण्यात पोहोचली. समुद्रात घुसलेला हा खडकाळ प्रदेश कथील आणि तांबे यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर जगाच्या तांब्याचा फार मोठा भाग येथूनच निघत असे. शोरा, गंधक आणि कोळसा मिळून सुरुंगाची दारू होते. त्यांपैकी शोरा त्या काळी इंग्लंडला मुख्यतः आपल्या बिहारमधून जहाजांनी जाई.

कॉर्नवॉलमधील खाणीत सुरुंग कसा भरीत, ते आता पाहू. शेकडो फूट खोल, अरुंद आणि दमट बोगद्यात प्रकाश काय तो चरबीच्या मेणबत्तीचा. ही मेणबत्ती कामगार ओल्या मातीच्या गोळ्याने आपल्या टणक टोपीवर चिकटवून घेत. एकाने पोलादी पहार खडकाला टेकवून धरायची, दुसऱ्याने तिच्यावर घणाचा घाव घालायचा, आणि प्रत्येक घावानंतर पहिल्याने पहार किंचित फिरवायची. असे कितीतरी वेळ चालल्यावर इंच-दीड इंच रुंदीचे आणि दोन-एक फूट खोलीचे भोक तयार होई. मग एका चपट्या, वाकड्या टोकाच्या गजाने आतील भुकटी आणि चिखल खरवडून काढीत.

यानंतर दारू भरावयाची. भोक खाली उतरते असेल, तर दारू सरळ ओतता येते. परंतु खडकाची भिंत फोडावयाची असली, म्हणजे भोक आडवे असते आणि त्यात ओतलेली दारू तोंडाशीच सांडते. यासाठी कामगारांजवळ एक लांब पळी असे. एखादी नळी उभी चिरून तिचा अर्धा भाग घ्यावा, तशी पन्हळ या पळीच्या टोकाला असते. पन्हळीत दारू घ्यायची, पळी अलगद भोकाच्या तळापर्यंत सरकवायची आणि मनगट फिरवून ती उपडी करायची. दारू तेथेच पडते आणि पळी रिकामी बाहेर येते. एकाच गजाच्या एका टोकाला पळी आणि दुसऱ्या टोकाला ठासणी अशीही हत्यारे असत. अंधारात हात चाचपून हवे ते टोक शोधणाऱ्या माणसाला ही सोय किती उपयोगी पडली असेल, याची कल्पना करता येईल.

दारू आत गेली, पण ती पेटवायची कशी? ठासलेल्या मातीतून दारूपर्यंत जाणारी एक बारीक वाट हवी. म्हणून ठासण्यापूर्वी दारूत एक लांब, निमुळती सळई खोवून ठेवीत. तिला कामगार सुई म्हणत. सुईच्या सभोवती माती किंवा मऊ दगडाचा चुरा थोडा थोडा घालून तो ठासणीने ठोकून बसवीत. सुई आड येऊ नये म्हणून ठासणीच्या बाजूला एक खाच ठेवलेली असे. भोक भरले, की सुई सावकाश ओढून काढायची. मागे राहिलेल्या बारीक छिद्रात दारू भरलेली बोरूची किंवा पिसाची नळी सरकवायची, तिच्या टोकाला हळू जळणारी वात लावायची, आणि ती पेटवून जिवाच्या आकांताने पळायचे.

या सर्व कृतीत मृत्यू दोन ठिकाणी दबा धरून बसलेला होता. पहिले ठिकाण ठासणीचे, दुसरे सुई ओढण्याचे. कारण ही दोन्ही हत्यारे लोखंडाची असत.

चकमक तुम्हांस ठाऊक असेल. आगपेटी येण्यापूर्वी आपल्या खेड्यांतून गारगोटीवर पोलादाचा तुकडा घासून विस्तव पाडीत. या घर्षणात गारगोटी जळत नाही. तिची कठीण धार पोलादाचे अतिसूक्ष्म कण खरवडून काढते. ते कण घर्षणाने इतके तापतात, की हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन जळू लागतात. त्यांनाच आपण ठिणग्या म्हणतो. आता कॉर्नवॉलचा खडक पाहा. तेथील ग्रॅनाइटमध्ये आणि धातूच्या शिरांमध्ये गारेचे, म्हणजे गारगोटीच्याच जातीच्या दगडाचे प्रमाण पुष्कळ. अशा भोकात लोखंडी गज ठोकणे म्हणजे दारूच्या पिंपात चकमक झाडण्यासारखेच होय. ठासताना ठिणगी पडली, तर ठासणाऱ्याचे तोंड भोकासमोरच असे. किती माणसे यात मेली, किती आंधळी झाली आणि कितींचे हात गेले, त्याची मोजदाद त्या काळी कोणी नीट ठेवलेली नाही.

तांब्याची गोष्ट निराळी आहे. तांबे मऊ असते. दगडावर घासले, तर ते झिजते किंवा वाकते. त्याचे कण सुटले तरी उष्णता चटकन पसरून जाते, आणि ते लोखंडाच्या कणांप्रमाणे हवेत पेट घेत नाहीत. म्हणून तांब्याची ठासणी आणि तांब्याची सुई वापरली, तर ठिणगीचे भय पुष्कळच कमी होते.

१८१४ साली कॉर्नवॉलमध्ये भूगर्भशास्त्राच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली. पेन्झान्स या गावी वैद्यकी करणारा जॉन एर्टन पॅरिस हा तरुण डॉक्टर त्या संस्थेच्या आरंभीच्या वर्षांतील एक प्रमुख कार्यकर्ता होता. खाणीतील अकाली स्फोटांविषयी त्याने निबंध लिहिला आणि एक उपाय सुचविला. गज लोखंडाचाच असू द्यावा. पण ठिणगी न पाडणाऱ्या धातूचे आवरण त्याला चढवावे. म्हणजे लोखंडाचे बळही राहील आणि खडकाला लोखंडाचा स्पर्शही होणार नाही. पुढे हा पॅरिस लंडनला मोठ्या पदाला चढला. परंतु या आवरणाच्या गजाने वाचविलेले प्राण हीच त्याची सर्वांत मोठी कमाई, असे मला वाटते.

उपाय सापडला, पण तो लगेच सर्वत्र रुजला नाही. याचे कारण केवळ अज्ञान होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. कॉर्नवॉलमध्ये कामगार अंगावर काम घेत; दारू, मेणबत्त्या आणि हत्यारांची दुरुस्ती यांचा खर्च त्यांच्याच मजुरीतून कापला जाई. तांबे महाग, शिवाय ते लवकर झिजे. तांब्याची सुई घट्ट मातीत अडकली, तर वाके किंवा तुटे, आणि कित्येक तासांच्या श्रमाने पाडलेले भोक वाया जाई. लोखंडाची सुई मात्र वर्षानुवर्षे टिके. ज्या हातांनी जगाला तांबे पुरविले, त्याच हातांना तांब्याची एक सळई परवडू नये, ही गोष्ट मनाला लागते. आणि आज वीस सुरुंग लोखंडी हत्याराने सुखरूप भरून झाले, तर एकविसावा घात करील हे माणसाला पटतही नाही.

लोखंडी ठासणीची सर्वांत प्रसिद्ध दुर्घटना मात्र खाणीत घडली नाही. ती अमेरिकेत रेल्वेच्या कामावर घडली. १३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हरमाँट राज्यातील कॅव्हेंडिश गावाजवळ फिनिअस गेज नावाचा पंचवीस वर्षांचा मुकादम सुरुंग भरीत होता. त्याची ठासणी त्याने खास बनवून घेतलेली होती. लांबी ३ फूट ७ इंच, वजन सव्वातेरा पौंड, आणि एक टोक निमुळते. दारूवर वाळू टाकण्यापूर्वीच, लक्ष क्षणभर दुसरीकडे गेले असता, लोखंड खडकावर आपटले आणि ठिणगी पडली. ती ठासणी त्याच्या डाव्या गालातून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली आणि दूर जाऊन पडली. आश्चर्य असे, की गेज जगला. त्यानंतर अकरा वर्षांहून अधिक जगला. त्याचा डावा डोळा गेला, आणि त्याचा स्वभावही पालटला, असे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून ठेवले. मेंदूचा आणि स्वभावाचा संबंध अभ्यासणारे शास्त्रज्ञ आजही हे उदाहरण घेतात. त्याची कवटी आणि ती ठासणी हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेली आहे.

कॉर्नवॉलमध्ये दुसऱ्या धोक्यावर, म्हणजे सुईवर, उपाय शोधणारा माणूस ना खाणकामगार होता, ना शास्त्रज्ञ. कॅम्बोर्नजवळच्या टकिंगमिल या गावी विल्यम बिकफर्ड हा चामड्याचा व्यापारी राहत असे. आजूबाजूच्या खाणींतून जखमी होऊन येणारी माणसे पाहून त्याचे मन व्यथित होई. एकदा तो दोरखंड वळणाऱ्या एका मित्राच्या कारखान्यात गेला होता. तेथे निरनिराळे पेड एकमेकांभोवती वळले जाताना त्याने पाहिले, आणि त्याला कल्पना सुचली. पेड वळताना त्यांच्या मधोमध दारूची बारीक धार सोडली, तर दोरीच्या पोटातच दारू राहील! १८३१ साली त्याने या सुरक्षित वातीचे पेटंट घेतले. या कामी त्याचा जावई आणि एक अनुभवी खाणकामगार यांनी त्याला साहाय्य केले होते. ही वात एका फुटाला सुमारे अर्धा मिनिट या ठराविक गतीने जळे. किती लांब वात ठेवली, म्हणजे दूर जाण्यास किती वेळ मिळेल, हे आता हिशेबाने ठरविता येऊ लागले. वात ठासण्यापूर्वीच भोकात ठेवता येई. म्हणून सुई खोवण्याची आणि ती ओढण्याची गरजच उरली नाही. बिकफर्ड १८३४ साली वारला. आपल्या वातीचा जगभर झालेला प्रसार पाहण्याचे त्याच्या नशिबी नव्हते.

वात आली, तरी जुन्या सुया एकदम गेल्या नाहीत, आणि ठासणी तर लागतच होती. अखेरीस १८७२ साली ब्रिटिश पार्लमेंटने धातूंच्या खाणींसाठी कायदा केला. लोखंडी किंवा पोलादी सुई वापरावयाची नाही, इतकेच नव्हे, तर ती खाणीत जवळही बाळगावयाची नाही, असे त्यात ठरले. 'जवळही बाळगावयाची नाही' या शब्दांवरून कायदा करणाऱ्यांना मनुष्यस्वभावाची पुरती ओळख होती, असे दिसते. ठासणीच्या बाबतीत मात्र कायदा अर्ध्यावर थांबला: दारूवरचा पहिला थर ठासताना लोखंड वापरू नये, एवढीच आज्ञा झाली. वरचे थर ठासावयास लोखंड चालेल, कारण तोवर दारू झाकली गेलेली असते, असा त्यामागचा विचार होता.

त्याच सुमारास डायनामाइट आले आणि पुढे आणखी नवी स्फोटके आली. धातूच्या खाणींतून काळी दारू हळूहळू मागे पडली. कॉर्नवॉलमधील कथिलाची शेवटची मोठी खाण १९९८ साली बंद झाली, आणि २००६ साली तेथील खाणींचा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. सुरुंग आता पुष्कळ ठिकाणी विजेने उडवितात. भोके यंत्रांनी पाडतात. तरीही भोकात स्फोटक सरकवायचे आणि वर माती ठासायची, हे काम बऱ्याच ठिकाणी अजून हातानेच होते.

आपल्या देशातील खाणींमध्ये या कामासाठी लोखंड तर नाहीच, पण तांबेही वापरीत नाहीत. तेथे लाकडी काठी वापरतात. ती सरळ असावी आणि भोकात सहज फिरेल इतकीच जाड असावी. पुष्कळ दिवस वापरून तिचे टोक फुटून झाडूसारखे पिंजते. मग तेवढा भाग कापून टाकतात आणि काठी पुन्हा कामावर नेतात.