डोंगर खरोखरच त्रिकोणी असतो का?

पुढे वाचण्यापूर्वी एका कागदावर डोंगरांचे चित्र काढा. काय काढलेत? दोन-तीन त्रिकोण, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य आणि खाली नदी. बरोबर ना?

आता आमच्या देवळ्याला या. गावाच्या दक्षिणेला सातमाळ्याची रांग आहे. तिच्यात तुमचे त्रिकोण फारसे सापडणार नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. त्यांतील मऊ थर लवकर झिजले, कठीण थर टिकून राहिले. म्हणून हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि पुष्कळदा सपाट माथ्याचे दिसतात. याच रांगेतील धोडप किल्ल्याला लांबलचक कातळभिंत आहे आणि तिला मध्येच एक खाच आहे.

कॉलेजात असताना मी ३६ फोटोंचा रोल घेऊन एप्रिल महिन्यात धोडपकडे गेलो होतो. मनात कॅलेंडरवरचे चित्र होते : निळे आकाश, हिरवे उतार. समोर मात्र वाळलेले गवत आणि धुळकट हवा! एकही फोटो न काढता मी परतलो.

माझी चूक पुढे प्रकाशाचे विकिरण शिकवताना ध्यानात आली. दूरच्या डोंगराकडून येणारा प्रकाश वाटेतील धूलिकणांमुळे थोडा विखुरतो आणि हवेत विखुरलेला सूर्यप्रकाश त्यात मिसळतो. अंतर जितके जास्त, तितका डोंगर फिका. जवळची रांग गडद, तिच्यामागची फिकट, त्यामागची आणखी फिकट, असे अंतराचे सुंदर चित्रच त्या धुळीने माझ्यापुढे मांडले होते. मी ते 'खराब हवा' म्हणून सोडून दिले.

ही चूक शास्त्रज्ञांच्याही हातून होते. १८७७ मध्ये शियापरेली यांना दुर्बिणीतून मंगळावर रेषा दिसल्या. पुढे पर्सिव्हल लोवेल यांनी ते मंगळवासीयांनी खोदलेले कालवे मानले आणि त्यांचे नकाशे काढले. १९६५ मध्ये मरिनर-४ या यानाने जवळून छायाचित्रे घेतली. त्यांत विवरे होती, कालवे नव्हते! अस्पष्ट ठिपके मनानेच रेषांनी जोडले होते.

आता एक प्रयोग करा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यात आयताकृती खिडकी कापा. बाहेर जाण्यापूर्वी तेथे काय दिसेल ते वहीत लिहा. तेथे पोहोचल्यावर दहा मिनिटे कॅमेरा किंवा मोबाइल बाहेर काढू नका. यादीत नसलेल्या पाच गोष्टी शोधून लिहा. मग खिडकीतून पाहा. ती डोळ्याजवळ धरली की दृश्य विस्तृत दिसते, हात लांब केला की थोडाच भाग उरतो, कारण खिडकीने डोळ्याशी केलेला कोन लहान होतो. फोटो त्यानंतर काढा.

घरी आल्यावर तो फोटो सुरुवातीच्या कागदाशेजारी ठेवा. दोन्हींत जो फरक दिसेल, तेवढे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत.