दुर्बीण भाड्याने द्यायचा विचार करताय? आधी ती पारखायला शिका



भिगवणला नाव चालवणारे, ताडोबाच्या गेटजवळ होमस्टे असणारे, शनिवार-रविवारी पक्षीनिरीक्षणाच्या सहली काढणारे, अशा बऱ्याच जणांच्या डोक्यात एक जोडधंदा असतो : पर्यटकांना दुर्बिणी भाड्याने द्यायच्या. कल्पना चांगली आहे. रोहित पक्ष्यांचा थवा पाण्यात लांब उभा असतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यात तो नुसता गुलाबी ठिपका दिसतो. ताडोबात तर सफारीत मोबाइल वापरायलाच बंदी आहे. म्हणजे गरज खरी आहे.

अडचण खरेदीत होते. ऑनलाइन गेलं की ‘३०×६०, पॉवरफुल, हंटिंग, नाइट व्हिजन’ असं लिहिलेली दुर्बीण स्वस्तात दिसते आणि आपण सहा नग मागवून मोकळे होतो. व्हिडिओत मी दुर्बीण हातात घेऊन चाचण्या दाखवल्या आहेत. इथे त्या सविस्तर लिहितोय, म्हणजे दुकानात उभं राहून मोबाइलवर वाचता येतील. शेवटी पैशांचं गणितही आहे, ते सोडू नका.

आधी आपला ग्राहक ओळखा

बाजारातल्या बऱ्याच दुर्बिणींच्या खोक्यावर ‘हंटिंग’ लिहिलेलं असतं, कारण परदेशात शिकारी हा दुर्बिणीचा मोठा ग्राहक आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. त्यामुळे आपल्या बोर्डावर, जाहिरातीत, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर ‘शिकारीची दुर्बीण’ हा शब्द चुकूनही नको. आपला ग्राहक सफारीवाला, पक्षीनिरीक्षक, ट्रेकर आणि मुलांना घेऊन आलेलं कुटुंब.

पण शिकाऱ्यांच्या निवडीतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मध्य युरोपातले शिकारी पहाटे आणि तिन्हीसांजेला जनावर शोधतात आणि त्यासाठी ८×५६ सारखी दुर्बीण पसंत करतात. म्हणजे पॉवर फक्त ८, पण काच मोठी. कमी उजेडात पॉवरपेक्षा प्रकाश महत्त्वाचा, हे त्यांना अनुभवाने कळलंय. आपली सकाळची सफारीसुद्धा उजाडतानाच सुरू होते ना?

आकड्यांचा अर्थ

८×४२ मधला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा : ४२ भागिले ८, म्हणजे ५.२५. डोळ्याकडच्या बाजूने प्रकाशाचा जो गोल ठिपका बाहेर पडतो, त्याचा हा व्यास. याला एक्झिट प्यूपिल म्हणतात.

आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर असते, अंधारात ती मोठी होते, तरुण माणसात सातपर्यंतही जाते. म्हणून ८×४२ मधून पहाटेही उजळ दिसतं. ८×२५ ची छोटी दुर्बीण दुपारी छान चालते, पण तिचा ठिपका ३ मिलिमीटरच असल्याने झाडीतल्या सावलीत ती मंद पडते.

मग १०×, १२×, २०× का नको? कारण पॉवर वाढली की हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा दिसतो. शिवाय जास्त पॉवरमध्ये साधारणपणे कमी परिसर दिसतो, त्यामुळे नवख्या माणसाला पक्षी सापडतच नाही. हलत्या नावेत किंवा जिप्सीत तर विचारूच नका. १०×४२ सरावलेल्या पक्षीनिरीक्षकाला, उघड्या माळरानावर चालते. भाड्यासाठी मात्र ८×४२ धरा, हा साधा नियम.

दुकानात करायच्या सात चाचण्या

खिशात एक लहान पट्टी ठेवा. शक्य असेल तर दुकानात संध्याकाळी जा.

१. आकडा खरा आहे का? पुढच्या भिंगाचा व्यास पट्टीने मोजा. मग दुर्बीण हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे किंवा आकाशाकडे करा. सूर्याकडे कधीही नाही. डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाचा ठिपका दिसेल, तो मोजा. भिंगाचा व्यास भागिले ठिपक्याचा व्यास म्हणजे साधारण खरी पॉवर. खोक्यावर ३०×६० आहे, पण भिंग २४ मिलिमीटर आणि ठिपका ३ मिलिमीटर निघाला, तर ती ८×२४ आहे. जो खोक्यावर आकडा खोटा छापतो, त्याच्या बाकीच्या दाव्यांवर विश्वास ठेवायचा का, ते तुम्हीच ठरवा.

२. ठिपका गोल आहे का? दुर्बिणीच्या आत लोलक म्हणजे प्रिझम असतात. चांगल्या बीएके-४ काचेचे लोलक असतील तर ठिपका पूर्ण गोल आणि उजळ दिसतो. हलक्या काचेच्या लोलकात बऱ्याचदा कडांना राखाडी सावली पडून तो चौकोनी वाटतो.

३. काचेवरचा लेप. भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. हिरवट-जांभळं आणि मंद असेल तर लेप आहे. पांढरंशुभ्र असेल तर नाही. बिनलेपाच्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग धरले तरी एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गेला! माहितीपत्रकात ‘फुल्ली मल्टी-कोटेड’ असे शब्द शोधा. आरशासारखी लालभडक काच दिसायला रुबाबदार असते, पण ती लाल प्रकाश परत पाठवते आणि चित्र निळसर, मंद दिसतं. ती नको.

४. दोन्ही नळ्या जुळतात का? ही सगळ्यात महत्त्वाची चाचणी. लांबची विजेची तार किंवा छपराची आडवी कड पाहा. पाहता पाहता दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून हाताच्या वीतभर दूर न्या. दोन गोलांत तार एका रेषेत राहिली तर ठीक. एका गोलात वर आणि दुसऱ्यात खाली दिसली तर नळ्या जुळलेल्या नाहीत. अशा दुर्बिणीतून ग्राहकाला दिसतं, पण दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं. कारण त्याला कळत नाही, तो एवढंच म्हणतो, “मजा नाही आली.” एका खोक्यातली दुर्बीण चांगली निघाली म्हणून बाकीच्या न बघता घेऊ नका. प्रत्येक नग तपासा.

५. चाकं आणि बिजागरी. मधलं फोकसचं चाक गुळगुळीत फिरलं पाहिजे, ढिलं नको आणि अडखळणारंही नको. मधली बिजागरी उघडल्यावर जिथे ठेवली तिथेच राहायला हवी. लहान मुलाच्या डोळ्यांइतकी ती जवळ येते का, तेही बघा.

६. चष्मेवाल्यांचं काय? तुमच्या ग्राहकांत चष्मेवाले असणारच. माहितीपत्रकात ‘आय रिलीफ’ १५ मिलिमीटर किंवा जास्त आहे का पाहा. डोळ्याकडचे रबरी कप फिरवून खाली-वर होणारे हवेत. चष्मा लावून पाहिलं तर पूर्ण गोल दिसला पाहिजे.

७. पाणी आणि बुरशी. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, काचेच्या आत बुरशी धरते. नायट्रोजन भरलेली, वॉटरप्रूफ दुर्बीण घ्या. आयपीएक्स-७ असं लिहिलं असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याचं ते मानक आहे. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे फक्त शिंतोडे सहन करेल, एवढंच.

जुनी दुर्बीण घेत असाल तर पुढच्या भिंगातून आत टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, सरळ परत द्या.

आता पैशांचं गणित

पुढचे सगळे आकडे समजून घेण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे भाव टाकून हेच गणित वहीत परत मांडा.

समजा स्वस्त दुर्बीण १,५०० रुपयांना आणि पारखून घेतलेली ८×४२ ९,००० रुपयांना पडते. भाडं एका फेरीला १५० रुपये. भिगवणचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे शनिवार-रविवार मिळून ४० दिवस. दर दिवशी एकच फेरी धरली आणि दहापैकी सहा दिवस दुर्बीण भाड्याने गेली, तर एका नगाच्या २४ फेऱ्या, म्हणजे ३,६०० रुपये.

बघा, कागदावर स्वस्त दुर्बीण जिंकली! पहिल्याच हंगामात दुपटीपेक्षा जास्त पैसे आले. आणि चांगल्या दुर्बिणीला पैसे फिटायला अडीच हंगाम लागतात. इथेच बहुतेक जण फसतात.

कारण या गणितात ग्राहकाचा अनुभव धरलेलाच नाही. ज्याला अंधुक दिसलं, तो परतीच्या वेळी ओळखीच्यांना तुमचा नंबर देणार नाही. तुमचा मुख्य धंदा दुर्बिणीचा नाही, नावेचा किंवा खोलीचा आहे. १५० रुपयांच्या भाड्यासाठी तुम्ही तुमचं नाव पणाला लावताय.

उलट बाजू बघा. दोन चांगल्या दुर्बिणींसाठी १८,००० गुंतवले. दोन नगांचं भाडं ७,२००, त्यातून देखभालीचे १,००० वजा, उरले ६,२००. आता समजा चांगलं दिसल्यामुळे महिन्याला फक्त दोन फेऱ्या ओळखीतून जास्त मिळाल्या आणि खर्च जाऊन एका फेरीत ६०० सुटले, तर पाच महिन्यांचे ६,०००. एकूण १२,२००. म्हणजे दीड हंगामात भांडवल मोकळं आणि नीट सांभाळलेली दुर्बीण पुढेही कित्येक वर्षं कमावते.

म्हणून माझा सल्ला : सहा स्वस्त घेऊ नका आणि सहा महागही घेऊ नका. दोन चांगल्या घ्या, एक हंगाम चालवा, वहीत नोंद ठेवा. मागणी दिसली तरच तिसरी. खरेदीचं पक्कं जीएसटी बिल आणि वॉरंटी कार्ड मात्र घ्याच.

देताना दोन मिनिटं द्या

चांगली दुर्बीणसुद्धा नीट लावून दिली नाही तर वाया जाते. आधी नळ्या जवळ-लांब करून दोन गोलांचा एक गोल करून द्या. मग उजवं भिंग हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. नंतर डावं झाकून उजव्या डोळ्याजवळचं छोटं चाक फिरवा. झालं, पुढे फक्त मधलं चाक. पट्टा गळ्यात घालूनच दुर्बीण हातात द्या. ‘सूर्याकडे बघायचं नाही’ हे प्रत्येकाला, मुलांना तर दोनदा सांगा. अनामत घ्या आणि नाव-नंबर वहीत लिहा.

परत आल्यावर डोळ्याकडचे रबरी कप पुसा. काचेवरची धूळ आधी ब्लोअरने उडवा, मग मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसा. शर्टाच्या टोकाने पुसलं की लेपावर ओरखडे आलेच. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला.

या आठवड्याचा गृहपाठ

पट्टी खिशात टाका आणि जवळच्या शहरातल्या दोन दुकानांत जा. खरेदी करू नका. किमान तीन दुर्बिणींवर सातही चाचण्या करा आणि प्रत्येकीचे गुण वहीत लिहा. मग तुमच्या गावचे भाव टाकून वरचं गणित मांडा. ते जमलं की भांडवलाला हात घाला, त्याआधी नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!